शाळेची इंटरनेट नियमावली : अडचणीत सापडलेले मूल सांगायला येईल का?

खडूफळा

आमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या इंटरनेट वापराची नियमावली नव्याने लिहिली जात आहे आणि मसुदा करणाऱ्या समितीत मी आहे. जुन्या नियमावलीतील जवळजवळ प्रत्येक वाक्य 'करू नये' किंवा 'कारवाई केली जाईल' असे संपते. वर्षाच्या सुरुवातीला ती वहीत चिकटवून घेतात, खाली विद्यार्थ्याची आणि पालकांची सही होते आणि एखादे प्रकरण घडेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. प्रकरण घडल्यावर ती कोणाविरुद्ध वापरली जाते हे पाहिले, म्हणजे तिचे खरे स्वरूप लक्षात येते. एखाद्या मुलीने शिक्षकांना सांगितले, की मला अनोळखी माणसाकडून नको ते संदेश येत आहेत, तर तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'मुळात तू त्या ॲपवर गेलीसच कशाला?' हा, कारण नियमावलीच्या लेखी तिचे तिथे असणे हाच पहिला अपराध असतो. पुढच्या वेळी ती काही सांगायला येणार नाही, आणि तिची हकीकत ऐकलेल्या तिच्या मैत्रिणीही येणार नाहीत.

म्हणून समितीत मी असा मुद्दा मांडला आहे, की नियमावलीचे प्रत्येक कलम एका प्रश्नावर घासून पाहावे : या कलमामुळे अडचणीत सापडलेले मूल मोठ्या माणसाकडे लवकर येईल, की आणखी लपेल? अनेक सहकाऱ्यांना हा मुद्दा फार सैल वाटतो. त्यांच्या मते चांगला फिल्टर, म्हणजे नको ती संकेतस्थळे अडवणारी यंत्रणा, बसवला, मोबाइलला बंदी केली आणि सह्या घेतल्या, की शाळेची जबाबदारी संपते.

केवळ फिल्टरवर विसंबून भागत नाही, हे कायदे करणाऱ्यांनाही पुढे मान्य करावे लागले. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्याने, इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना आक्षेपार्ह चित्रे अडवणारी यंत्रणा सक्तीची केली. २००८ साली त्यात भर घालून अशा शाळांनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन वर्तनाचे आणि सायबर छळाबाबतचे शिक्षणही द्यावे, अशी अट जोडली गेली. आपल्याकडील बहुतेक चर्चा अजून त्यातल्या पहिल्या टप्प्यावरच रेंगाळते, असे मला वाटते.

ज्यांनी शाळेत, वाचनालयात किंवा समुपदेशनात हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांची मते हवी आहेत. 'मुलांना विश्वासात घ्यावे' एवढ्यावर कृपया थांबू नये. विश्वासात घ्यायचे म्हणजे मसुद्यात काय लिहायचे, ते सांगावे.

राउटरवाला

शाळांची नेटवर्क सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे फिल्टरची बाजू मीच मांडतो. लहान वर्गांसाठी फिल्टर हवाच. सातआठ वर्षांच्या मुलाने एखाद्या प्राण्याचे चित्र शोधावे आणि टंकलेखनातल्या चुकीमुळे भलत्याच संकेतस्थळावर पोहोचावे, हा धोका खरा आहे आणि तो यंत्राने टाळता येतो. अडचण येते ती फिल्टर काय करू शकतो याविषयीच्या गैरसमजामुळे.

आजची बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध जोडणीवर, म्हणजे मधल्या कोणाला मजकूर वाचता येणार नाही अशा जोडणीवर, चालतात. शाळेच्या राउटरला मूल कोणत्या संकेतस्थळावर गेले ते साधारणपणे दिसते. त्यावर कोणते पान वाचले किंवा कोणाला काय लिहिले, ते दिसत नाही. ते पाहायचे असेल तर प्रत्येक उपकरणावर शाळेचे प्रमाणपत्र बसवून सगळी जोडणी मध्येच उघडावी लागते, आणि तसे केले की शिक्षकांचे बँकेचे व्यवहारही वेगळे वगळले नाहीत तर त्याच नळीतून उघडे होऊन जातात. व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या ठिकाणाहून झाकून नेणारी सेवा) वापरले, संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याची विनंती झाकणारी कूटबद्ध सेवा वापरली किंवा स्वतःच्या मोबाइलचा डेटा चालू केला, की साधा फिल्टर निष्प्रभ होतो. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या शाळांनी विद्यार्थ्यांना आयपॅड दिले, तेव्हा काही आठवड्यांतच मुलांनी त्यांवरील नियंत्रणाची प्रोफाइल काढून टाकून बंधने झुगारली. त्यासाठी कोणी मोठा हॅकर लागला नव्हता.

दुसरी अडचण अनावश्यक अडवणुकीची. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावाच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातच फिल्टरला एक शिवी सापडत होती. आजचे फिल्टर अधिक शहाणे आहेत, तरी स्तनांचा कर्करोग, मासिक पाळी, लैंगिक छळाविरुद्धची मदत अशी नेमकी गरजेची पाने अजूनही अडकतात. ज्या मुलीला घरी विचारता येत नाही, तिला शाळेतही 'हे पान प्रतिबंधित आहे' अशी लाल पाटी दिसते. माझी सूचना अशी, की त्या लाल पाटीवरच 'हे पान अभ्यासासाठी हवे असल्यास येथे कळवा' अशी सोय द्यावी, नाव न देता कळवण्याची मुभा ठेवावी आणि आलेली मागणी त्याच दिवशी कोणीतरी पाहावी. आणि वर्गातल्या एकाने पाहिलेल्या एका व्हिडिओसाठी सगळी व्हिडिओसेवाच बंद करणे, ही मागणी माझ्याकडे दर वर्षी येते, तिला कृपया समितीने आधीच नकार देऊन ठेवावा.

चौकस पालक

मी थोडा विरोधी सूर लावतो. मूल सांगायला यावे म्हणून शिक्षा नाही असे एकदा जाहीर झाले, की मुले त्याचा फायदा घेतील. 'मी सांगितले ना' एवढे म्हटले की सुटका होणार असेल, तर दुसऱ्याचा फोटो बिघडवून गटात फिरवणारा मुलगाही उद्या आपणहून सांगून मोकळा होईल.

शांत किनारा

चौकस पालक, आपला प्रश्न रास्त आहे. मी शालेय समुपदेशनाचे काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. स्वतःला झालेला त्रास सांगायला आलेले मूल आणि दुसऱ्याला त्रास दिल्याबद्दल पकडले जाण्याच्या बेतात असलेले मूल, या दोघांना एकच कलम लावता येत नाही. पहिल्याला नियमभंगाची माफी हवी : वयाची अट मोडून खाते उघडले असेल, शाळेच्या वेळेत ॲप वापरले असेल, स्वतःचा नको तो फोटो कोणाला पाठवला असेल, तरी मदत मागताना त्याबद्दल कारवाई होणार नाही, हे मसुद्यात नि:संदिग्ध लिहिलेले असावे. दुसऱ्याच्या बाबतीत कबुलीमुळे कारवाईचे स्वरूप सौम्य होऊ शकते, पण ज्याला इजा झाली त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय प्रकरण मिटवता येणार नाही.

मुले का सांगत नाहीत याचे माझ्या अनुभवातले सर्वांत मोठे कारण लाज हे नाही. फोन काढून घेतला जाईल ही भीती आहे. फोन गेला म्हणजे मित्र गेले, गटातल्या बातम्या गेल्या, आपल्यामागे काय बोलले जाते ते कळणेही बंद झाले. म्हणून मदत मागणाऱ्या मुलाचा फोन जप्त करणे हा पहिला उपाय कधीच नसावा.

फोटोवरून धमकावण्याच्या प्रकाराविषयी समितीतील प्रत्येक शिक्षकाला काही गोष्टी पाठ असाव्यात. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण पैसे मिळाले की मागणी बहुधा वाढते. घाबरून सगळे संभाषण पुसून टाकू नये. त्या खात्याचे नाव, दुवा, तारीख आणि धमकीचा मजकूर नोंदवून ठेवावा, मग ते खाते ब्लॉक करावे आणि सेवेकडे व पोलिसांकडे तक्रार करावी. आणि शिक्षकांसाठी सर्वांत महत्त्वाचे : अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा तसा फोटो शिक्षकाने स्वतःच्या फोनवर घेऊ नये, 'पुरावा' म्हणून मुख्याध्यापकांना पाठवू नये, छापून फाइलला लावू नये. हेतू चांगला असला, तरी अनेक देशांत अशी प्रत बाळगणे किंवा पाठवणे हाच गंभीर गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलीचा फोटो पाहणाऱ्यांत आणखी तिघांची भर पडते. फोटोत काय आहे त्याचे शब्दांत वर्णन नोंदवावे, ते पुरते.

फोटो पसरण्याआधी थांबवण्याचा एक मार्ग फारच कमी शिक्षकांना ठाऊक आहे. अमेरिकेतील बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ साली 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा सुरू केली. फोटो काढला गेला तेव्हा अठरा वर्षांखालील असलेल्या कोणालाही ती नाव न देता वापरता येते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. स्वतःच्या फोनवरच त्याचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांचा एक ठसा, तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या आपल्या सेवेवर जुळणारा फोटो शोधून काढून टाकू शकतात. या सेवेला मर्यादा आहेत : सहभागी नसलेल्या सेवांवर तिचा उपयोग नाही, कूटबद्ध खासगी संभाषणात ती पोहोचत नाही आणि फोटोत बराच फेरफार झाला तर जुना ठसा जुळेलच असे नाही. तरीही रडत आलेल्या मुलीपुढे 'आता आपण हे करू या' असे म्हणता येणे, याची किंमत मोठी असते.

चौकस पालकांनी बिघडवलेल्या फोटोचा उल्लेख केला, तो काळजीचा भाग आहे. २०२३ मध्ये स्पेनमधील आल्मेंद्रालेखो या गावात शाळकरी मुलींचे साधे फोटो घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने त्यांची नग्न चित्रे बनवली गेली, आणि संशयितांतही शाळकरी मुलेच होती. 'तू फोटो पाठवलासच का' हा प्रश्न इथे लागूच पडत नाही, कारण त्या मुलींनी काहीच पाठवलेले नव्हते. मसुद्यात 'खरा असो वा बनवलेला' हे शब्द हवेत.

आणखी एक गोष्ट. छळाच्या प्रकरणात छळणारा आणि सोसणारा एवढ्या दोघांकडेच शाळा पाहते. गटातले उरलेले सगळे फक्त पाहत असतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' हा छळविरोधी कार्यक्रम मुख्यतः या बघ्यांवर काम करतो. हसण्याची खूण न टाकणे, पुढे न पाठवणे, सोसणाऱ्याला वेगळा संदेश पाठवून 'मी पाहिले, मला ते आवडले नाही' एवढे कळवणे, हे मुलांना सराव करून शिकवता येते. थेट भांडायला सांगितले तर फार थोडी मुले पुढे येतात, आणि ते स्वाभाविक आहे.

ग्रंथपाल

वरील चर्चा धोक्यांभोवती फिरते आहे; जबाबदार वापराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे वाचलेले खरे आहे की नाही ते तपासणे. त्यासाठी शाळांत जी यादी पाठ करून घेतात, ती बहुतेक कालबाह्य आहे : संकेतस्थळ नीटनेटके आहे का, शुद्धलेखन बरोबर आहे का, 'आमच्याविषयी' हे पान आहे का, संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी (.com, .org असे) काय आहे. फसवणाऱ्यालाही या यादीतले सगळे नीट मांडता येते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी पीएच.डी. झालेले इतिहासकार, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अशा तीन गटांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बरेचदा त्या पानावरच खिळून राहिले, वरपासून खालपर्यंत वाचत गेले आणि फसले. तथ्य-तपासनीस मात्र पानावर फार वेळ न घालवता नवीन टॅब उघडून, या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले आणि कमी वेळात योग्य निष्कर्षाला पोहोचले. याला हे संशोधक आडवे वाचन म्हणतात. सगळे लक्ष देऊन वाचावे, असे आपण मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. अनोळखी पानाच्या बाबतीत आधी ते पान सोडून बाहेर पडावे, हे सांगायला शिक्षकांच्या जिवावर येते.

सरावासाठी १९९८ पासून महाजालावर असलेले झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे संकेतस्थळ उत्तम आहे. 'ही प्रजाती वाचवा' असे कळकळीचे आवाहन, छायाचित्रे, अधिवासाची माहिती, सगळे तिथे आहे, आणि असा प्राणीच अस्तित्वात नाही. मुले चिडतात, मग हसतात, मग शोधायला शिकतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत दोनच गोष्टी. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील वापरासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे, ती मसुद्यात विचारात घ्यावी. आणि निबंध यंत्राने लिहिला हे ओळखून देणाऱ्या साधनांवर कोणाला शिक्षा करू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले होते. शंका असेल तर मुलाला समोर बसवून त्याच निबंधावर बोलते करावे.

चौकस पालक

शांत किनारा यांचा भेद मला पटला. माझा आक्षेप त्या मर्यादेत मागे घेतो. आता माझा दुसरा मुद्दा, जो शाळांना आवडत नाही. शाळा मुलांना 'खासगी माहिती देऊ नका' असे सांगते आणि स्वतः काय करते? स्नेहसंमेलनाचे फोटो नाव, इयत्ता आणि तुकडीसह सार्वजनिक पानावर टाकते. सहलीला निघाल्यावर त्याच क्षणी 'आमची मुले आता इथे आहेत' असे जाहीर करते. पालकांच्या गटात गुणांची यादी टाकते. फोटो मूळ फाइल म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही त्यात राहू शकतात.

पासवर्डची तीच कथा. हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख जोडून पासवर्ड दिले जातात, म्हणजे वर्गातल्या कोणालाही कोणाचेही खाते उघडता येते, आणि मग त्या खात्यावरून काही वावगे लिहिले गेले की ज्याचे खाते त्याला बोलावले जाते. अमेरिकेच्या मानक संस्थेचे मार्गदर्शन कित्येक वर्षांपासून सांगते, की पासवर्ड लांब असावा, सहज अंदाज येणारा नसावा आणि कारण नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. चार असंबद्ध शब्दांचा पासवर्ड चौथीतल्या मुलालाही लक्षात राहतो.

शैक्षणिक ॲपचेही पाहावे. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांतील १६० हून अधिक शैक्षणिक उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य उत्पादने मुलांच्या हक्कांना बाधा येईल अशा रीतीने माहिती हाताळताना दिसली. ही उत्पादने सरकारांनीच सुचवलेली होती. ते ॲप वापरल्याशिवाय गृहपाठ जमा होत नसेल, तर माझ्या संमतीच्या सहीला काय अर्थ राहिला?

वयाच्या अटीविषयीही एक निरीक्षण. तेराची अट बहुतेक सेवांवर आली ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यामुळे. युरोपात मूळ मर्यादा १६ असून देशांना ती १३ पर्यंत उतरवता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरापर्यंत पालकांची संमती लागते. मुले मात्र खोटी जन्मतारीख टाकतात, कधी आईवडीलच टाकून देतात. दहाव्या वर्षी 'मी तेरा वर्षांचा आहे' असे सांगितलेला मुलगा पंधरावे वर्ष गाठतो, तेव्हा सेवेच्या लेखी अठराचा झालेला असतो आणि मुलांसाठीची सगळी संरक्षणे त्याच्यावरून गळून पडतात. शाळेने खाती शोधून शिक्षा करण्यापेक्षा जन्मतारीख कशी दुरुस्त करायची ते एका तासात शिकवले, तर जास्त उपयोग होईल. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम-खात्यांवर बंदी आणली, ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. ती योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण तिथेही दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही.

राउटरवाला

चौकस पालकांनी शाळेच्या वर्तनाचा विषय काढलाच आहे, तर देखरेखीचे सॉफ्टवेअर राहून जायला नको. २०१० साली पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याचे प्रकरण गाजले. चोरीला गेलेले लॅपटॉप शोधण्यासाठी बसवलेल्या सोयीतून विद्यार्थ्यांच्या घरातले वेबकॅमचे फोटो आणि स्क्रीनशॉट हजारोंच्या संख्येने घेतले गेले होते, आणि जिल्ह्याने ६ लाख १० हजार डॉलर देऊन ते दावे मिटवले. अशी सोय चालू आहे हे कुटुंबांना सांगितलेलेच नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की मुलांवर डिजिटल पाळत सरसकट, नित्याची किंवा त्यांच्या नकळत ठेवली जाऊ नये. शाळेने काय नोंदवले जाते ते मुलांना दाखवावे, अगदी पडद्यावर उघडून. मी हे एका वर्गात करतो तेव्हा शंका फार नेमक्या येतात. मोठी माणसे तितके विचारत नाहीत.

खडूफळा

सर्वांचे आभार. वरील चर्चेवरून पहिल्या कलमाचा मसुदा असा केला आहे : 'ऑनलाइन वापरातून स्वतःला किंवा इतर विद्यार्थ्याला त्रास होत असल्याचे जो विद्यार्थी सांगेल, त्याच्यावर ते सांगताना उघड झालेल्या स्वतःच्या नियमभंगाबद्दल कारवाई होणार नाही आणि केवळ सांगितले म्हणून त्याचे उपकरण काढून घेतले जाणार नाही. फोटो खरा असो वा बनवलेला, शाळेतील कोणीही त्याची प्रत घेणार नाही. इतरांना इजा करणाऱ्या वर्तनाचा विचार स्वतंत्र कलमानुसार होईल.' त्यानंतर दोन शिक्षकांची नावे आणि नाव न देता लिहिण्याची सोय असेल. फिल्टर, पासवर्ड आणि फोटोप्रसिद्धी यांची कलमे शाळेच्या जबाबदाऱ्या म्हणून वेगळ्या भागात जातील, आणि त्या भागाखाली मुख्याध्यापकांची सही असेल. मुख्याध्यापकांच्या या सहीवरून समितीत बरीच खळखळ होईल, असा माझा अंदाज आहे.

एक शंका उरते. मूल गुप्तता मागेल, तेव्हा शिक्षकाने काय कबूल करावे?

शांत किनारा

पूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये आणि ते मसुद्यातही लिहू नये. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल, मोठ्या माणसाकडून शोषण होत असेल, तर पुढे सांगणे शिक्षकावर बंधनकारक असते, आणि दिलेले वचन मोडले गेले तर ते मूल पुन्हा कोणाकडे जात नाही. 'कोणाला सांगावे लागले तर आधी तुला सांगेन, आणि काय सांगायचे ते आपण मिळून ठरवू' एवढे कबूल करावे. पालकांना कळवायचे असल्यास ते मुलाच्या उपस्थितीत व्हावे, घरातूनच धोका असेल तो अपवाद सोडून. नावे दोन देत आहात, त्यांपैकी किमान एक शिक्षिका असावी, आणि गुण देणारे वर्गशिक्षक त्यांत नसावेत.